दोन गिअरांमधील अवकाश

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला जितका ठाऊक असतो तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, तो फिरतीवरील वाहनचालकाला ठाऊक असावा लागतो. कारण बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या आणि पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेल्या या रानात, वैशाखात ज्या भेगांतून हात खोलवर जावा त्या भेगा मृगाच्या दोन दमदार पावसांत बुजून जातात, आणि जी वाट परवापर्यंत खडबडीत पण भरवशाची होती ती चिकट आणि निसरडी अशा परस्परविरोधी गुणांनी एकाच वेळी युक्त होते. चिकट अशासाठी की टायरच्या खाचांत बसलेली माती सुटत नाही. निसरडी अशासाठी की खाचा भरून गुळगुळीत झालेल्या त्या टायरला खालच्या ओल्या मातीत मग पकडच मिळत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने पाथरीच्या बाजूला जाणारा देखरेखीचा रस्ता असो, सेलूजवळील निम्न दुधना प्रकल्पाच्या आसपासचे शिवाररस्ते असोत, की पूर्णाकाठच्या एखाद्या मौजेची पांदण असो, अतिवृष्टीनंतर पंचनाम्यासाठी निघालेल्या तहसील कचेरीच्या माणसाला चारही चाकांना शक्ती देणारी डिझेल गाडी ही चैनीची वस्तू वाटत नाही. दिवसाचे काम दिवसा आटोपून मुक्कामी परतण्याचे ते साधन असते.

अशा गाडीच्या चालकाची परीक्षा वेगावरून किंवा चिखलातून गाडी बाहेर काढताना त्याने केलेल्या गर्जनेवरून करू नये. मागच्या बाकावर कागदांचे बस्ते सांभाळत बसलेल्या अव्वल कारकुनाची डुलकी ज्याच्या गिअर बदलण्याने मोडत नाही, तो चालक उत्तम, अशी माझी साधी कसोटी आहे. आणि ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. कारण डिझेल इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि चारही चाकांना जाणारी शक्ती या तिन्ही गोष्टी धक्का देण्याच्या बाबतीत एकमेकींना साह्य करणाऱ्या आहेत, आणि धक्का का बसतो हे ज्याने एकदा समजून घेतले नाही त्याने कितीही वर्षे चाक धरले तरी हाताला आलेली सवय एवढेच त्याचे भांडवल राहते.

मोटारीचे इंजिन आणि तिची चाके यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो तो इंजिनाच्या एका स्वाभाविक मर्यादेमुळे. अगदी मंद फिरताना इंजिनात पुरेसे बळ नसते आणि अतिशय वेगाने फिरणे त्याला मानवत नाही; चाकांना मात्र कधी माणसाच्या चालीने तर कधी तासाला शंभर किलोमीटरने फिरायचे असते. म्हणून मध्ये निरनिराळ्या प्रमाणांची दातेरी चक्रे ठेवून हा सौदा जुळवावा लागतो. उदाहरणादाखल असे धरू की एखाद्या गाडीत दुसऱ्या गिअरचे प्रमाण २.४ आणि तिसऱ्याचे १.५ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २४०० फेरे करीत असताना चालकाने तिसरा गिअर टाकला, तर गाडीचा वेग तोच असल्यामुळे इंजिनाला १५०० फेऱ्यांवर यावेच लागते. हे ९०० फेरे कोठेतरी उतरले पाहिजेत. ते दोन गिअरांमधल्या मोकळ्या क्षणात आपोआप उतरू दिले तर प्रवाशाला काही कळत नाही. न उतरताच क्लच सोडला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला तो सगळा जोर एकदम चाकांवर येऊन गाडी पुढे हिसका घेते. उलट तो क्षण फार लांबवला आणि इंजिन पार खाली आले, तर आता चाकांनाच इंजिन ओढून वर न्यावे लागते आणि गाडी दबकल्यासारखी मागे खेचते. चालत्या एसटीत चढणारा माणूस जसा आधी काही पावले बसच्या वेगाने धावून मगच दांडा धरतो, आणि न धावता दांडा धरणाऱ्याचा खांदा निखळतो, तसा हा प्रकार आहे. गिअर बदलण्याची सारी कला, तिला कला म्हणावयाचे असेल तर, या समवेग साधण्यात आहे. हाताच्या चपळाईशी तिचा संबंध फार थोडा.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांपर्यंत ताणली तर तिसऱ्यात तिला २५०० वर यावे लागते, म्हणजे उतरावयाचे फेरे ९०० वरून १५०० होतात. डिझेल इंजिनाचे बळ खालच्या फेऱ्यांतच भरपूर असल्यामुळे असे ताणण्याचे काही प्रयोजनच नसते. तरुण चालक पेट्रोल गाडीवर शिकलेली ही खोड डिझेल गाडीतही चालवतात आणि मग गाडी झटके देते म्हणून गाडीलाच बोल लावतात. अर्थात दुसरे टोकही वाईट. १५०० फेऱ्यांवर असतानाच तिसरा टाकला तर इंजिन हजाराच्याही खाली येते, घुटमळू लागते, आणि त्या घुटमळण्यातील प्रत्येक ठोका क्लचपासून बेअरिंगांपर्यंत सगळ्यांना सोसावा लागतो.

ज्या काळी गिअरबॉक्समध्ये समवेग साधण्याची सोय नव्हती, त्या काळी हे ज्ञान चालकाला सक्तीने मिळत असे. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी आपले रस्तेवाहतुकीचे खाते उघडले. त्या काळच्या अवजड गाड्यांवर डबल क्लच न येणारा मनुष्य चालक म्हणून टिकणेच शक्य नव्हते. डबल क्लचची रीत अशी: क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावयाचा, क्लच सोडावयाचा, वरच्या गिअरकडे जावयाचे असेल तर इंजिन थोडे उतरू द्यावयाचे, खालच्याकडे यावयाचे असेल तर न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला हलकासा दाब देऊन ते चढवावयाचे, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर आत सारावयाचा. वेळ चुकली की दात दातांवर खरखरत आणि तो आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाई. अब्रूची ही भीती हा त्या शिक्षणातील फार मोठा भाग होता, असे मला वाटते.

तिकडे अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांनी शोधून काढलेली सिंक्रोमेशची युक्ती त्याआधीच, १९२८ मध्ये, कॅडिलॅक गाडीत प्रथम आली होती. तिचे तत्त्व मोठे सुबक आहे. गिअर आणि दांड्यावरील सरकणारे कडे यांचे दात एकमेकांत शिरण्यापूर्वी एक शंक्वाकृती कडी, बहुधा पितळेची, गिअरच्या तशाच आकाराच्या भागावर घासते, त्या घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, आणि तो सारखा होईपर्यंत तीच कडी दातांची वाट अडवून धरते. म्हणजे गिअरच्या दांडीत हाताला जो क्षणभर अडथळा जाणवतो तो गाडीचा हट्ट नसून कडीने मागितलेली मुदत असते. ती मुदत न देता दांडी जोराने रेटणारा चालक रोज थोडेथोडे पितळ झिजवीत असतो. आणि काही वर्षांनी दुसरा गिअर कुरकुरू लागला की मिस्त्रीकडे जाऊन तेलाला दोष देतो. दांडीवर एक हलका दाब ठेवावा आणि ती आपण होऊन आत ओढली जाते तोवर थांबावे, याहून वेगळा उपाय नाही. दोन बोटांनी जो गिअर पडत नाही तो मुठीने पाडू नये.

आपल्याकडे या गाड्यांची परंपरा जीपपासून सुरू होते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपा जोडण्यास आरंभ केला. त्या जीपच्या तीन गिअरांपैकी दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते; म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकावयाचा तर जुनी विद्याच आठवावी लागे. मुख्य गिअरच्या दांडीजवळ आणखी दोन छोट्या दांड्या असत, एक पुढची चाके जोडण्यासाठी आणि दुसरी 'हाय' व 'लो' यांतील निवडीसाठी. पुढे प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनविलेले डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपांत आले. सरकारी खात्यांच्या अंगणांत उभ्या असणाऱ्या त्या खडखडणाऱ्या डिझेल जीपा पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही मराठवाडी माणसाला आठवत असतील. आज नाशिकहून येणाऱ्या थारमध्ये सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश आहे, तीन दांड्यांच्या दोन झाल्या आहेत. परंतु दोन वेग जुळवण्याचे मूळ काम तसूभरही बदललेले नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य या जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी असते आणि त्याचा नेमका अर्थ काय, यावर पारावर बराच वेळ वाद घालता येतो. त्या वादात माझीही एक क्षुल्लक भर: रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरी चालले, आणि त्याच इंजिनाचे वंशज आज परभणीच्या रानात सगळ्यात अधिक घाम गाळत आहेत.

या इंजिनाचे दोन-तीन गुणधर्म गिअर बदलण्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. त्यात ठिणगी नसते; हवा इतकी दाबली जाते की केवळ त्या दाबाच्या उष्णतेने तेल पेट घेते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहापट दाबतात, डिझेलमध्ये सोळा ते बावीसपट. एवढा दाब सोसणारे भाग जड असतात, आणि ठोके सौम्य व्हावेत म्हणून फ्लायव्हीलही जड ठेवावे लागते; त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचे फेरे पेट्रोल गाडीइतक्या लगबगीने उतरत नाहीत. वरचा गिअर टाकताना जुन्या डिझेल जीपमध्ये न्यूट्रलपाशी किंचित विसावा घ्यावा लागतो तो याच कारणाने. शिवाय डिझेल इंजिन मोकळे फिरताना आपला वेग आपणच राखते. म्हणून सपाट जमिनीवर ॲक्सिलरेटरला पाय न लावता, केवळ क्लच हळूहळू सोडून गाडी हलवता येते, आणि नवशिक्याने पहिले काही दिवस तेवढेच करावे. नव्या गाड्यांतील टर्बोमुळे एक उलट गोष्टही घडते. गिअर बदलताना पाय उचलला की टर्बोचा जोर ओसरतो, आणि तो पुन्हा भरून येईपर्यंत गाडी मंदावल्यासारखी वाटते. अधीर चालक त्या क्षणी पाय खोल रुतवतो, आणि मागाहून आलेले बळ सगळे एकदम अंगावर येते.

यापुढचा भाग केवळ फोर व्हील गाडीचा आहे आणि बहुतेक शिकवणाऱ्यांच्या तो गावीही नसतो. साध्या मोटारीत इंजिनापासून चाकापर्यंतचा मार्ग आखूड असतो. येथे मात्र गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस ही आणखी एक पेटी, तिच्यातून मागे आणि पुढे जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, त्यांच्या टोकांचे सांधे, ज्यांना मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात, मग दोन डिफरन्शिअल आणि त्यांपुढे ॲक्सल असा लांबलचक पसारा असतो. यातील प्रत्येक जोडीत दातादातांमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाही तर चक्रे फिरणारच नाहीत. इंजिन चाकांना ढकलत असते तेव्हा सर्व दात एका अंगाला टेकलेले असतात. पाय उचलताच चाके इंजिनाला ढकलू लागतात आणि सगळे दात उलट अंगाला जाऊन आपटतात. एकेका जागी केसाएवढी असणारी ही मोकळीक सगळीकडची मिळून चांगली जाणवण्याइतकी होते, आणि गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा जो आवाज येतो तो तिचाच. क्रॉस झिजलेला असेल तर तो आवाज बाहेरच्या माणसालाही ऐकू जातो.

त्यावर तोड अशी की पाय एकदम उचलू नये आणि एकदम ठेवूही नये. ॲक्सिलरेटर ओसरत जावा, त्याच्या अखेरीस क्लच पूर्ण खाली जावा. नवा गिअर पडल्यावर क्लच जेथे पकड घेऊ लागतो त्या बिंदूपाशी पाय क्षणमात्र रेंगाळावा, दातांना आपली नवी बाजू गाठू द्यावी, आणि मगच इंजिनाला बळ मागावे. हा रेंगाळण्याचा काळ अर्ध्या सेकंदाहून अधिक नसतो. त्याला कोणी हाफ क्लचवर गाडी चालवणे समजू नये. चढावर गाडी थोपवण्यासाठी क्लच अर्धवट दाबून धरणे हे निराळे पाप आहे आणि त्याचे प्रायश्चित्त जळक्या वासाने लगेच मिळते.

चिखलाचा प्रसंग आला म्हणजे मात्र गिअर बदलण्याच्या कौशल्याचे सार गिअर न बदलण्यात असते. काळ्या गाऱ्यात गाडीला होणारा अवरोध इतका असतो की क्लच दाबून शक्ती तोडली त्याच क्षणी ती थबकते, आणि एकदा थबकलेली चाके पुन्हा फिरू लागली की पुढे सरकण्याऐवजी खाली खणू लागतात. म्हणून योग्य गिअर चिखलाच्या अलीकडे, कोरड्या मुरमावर उभे राहूनच निवडावा. 'लो' टाकण्यासाठी गाडी थांबवावी किंवा जवळजवळ थांबल्यासारखी करावी आणि क्लच पूर्ण दाबून छोटी दांडी सारावी. ती अडली तर दातासमोर दात आला आहे असे समजून गाडी वीतभर हलवावी, दांडीशी झुंज घेऊ नये.

'लो'मध्ये किती फरक पडतो हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. पहिल्या गिअरचे प्रमाण ४, 'लो'चे २.५ आणि ॲक्सलचे ४ असे धरले तर इंजिनाच्या ४० फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसते मोकळे फिरत असले तरी चाक मिनिटाला २० फेरे करील, आणि चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या जवळपास असल्याने गाडी तासाला जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटर चालेल. एवढ्या संथ गतीने तर सांजवेळी फेरफटका मारणारे वृद्धही चालत नाहीत. ही चाल दगडगोट्यांच्या ओढ्यात उतरताना उपयोगी. ओल्या काळ्या रानात मात्र 'लो'मधला पहिला गिअर बळ जास्त देतो आणि चाक जागीच फिरवतो. तेथे 'लो'चा दुसरा, आणि जमीन जरा बरी असेल तर तिसरा, यांवर एकसारखा पाय ठेवून निघावे. पाय वर-खाली करू नये, कारण इतक्या खालच्या प्रमाणात बोटभर हालचालीनेही गाडी उड्या मारू लागते आणि त्या उड्यांनी हादरलेला पाय ॲक्सिलरेटरवर आणखी हलतो.

उताराची गोष्ट वेगळी. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात येलदरीकडे जाताना किंवा गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या फाट्यांत उतार लागतात ते सह्याद्रीच्या घाटांसारखे भयानक नाहीत, पण भरलेल्या गाडीचे ब्रेक तापवण्यास पुरेसे आहेत. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप बहुधा नसते, म्हणून पाय उचलल्यावर पेट्रोल इंजिन जितके मागे खेचते तितके ते त्याच फेऱ्यांवर खेचत नाही. ती उणीव एक गिअर आणखी खाली घेऊन भरून काढावी लागते. हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. उतारात असताना टाकणे प्राप्तच झाले तर आधी ब्रेकने वेग कमी करून, ॲक्सिलरेटरला हलकी थाप देऊन, म्हणजे आधीच्या उदाहरणातल्या तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना १५०० वरच्या इंजिनाला २४०० वर आणून, मग क्लच सोडावा. ही थाप वगळली तर मागची चाके क्षणभर अडखळतात, आणि ओल्या मुरमावर तेवढ्यानेही गाडीचे शेपूट बाजूला जाऊ शकते.

ऋतुमानाचाही यात वाटा असतो. परभणीचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. परंतु येथील कृषी विद्यापीठाच्या हवामान-नोंदीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याचे दिसते, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. अशा पहाटे गिअरबॉक्समधील तेल दाट झालेले असते, चक्रांचा वेग कडीला लवकर आवरत नाही, आणि पहिल्यातून दुसरा गिअर नाखुषीने पडतो. इंजिन कितीही वेळ उभे ठेवून तापवले तरी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल गाडी चालल्यावाचून पुरते तापत नाहीत. तेव्हा पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे आणि दांडीला नेहमीपेक्षा थोडी अधिक मुदत द्यावी. गिअर बदलून झाला की हात पुन्हा चाकावर न्यावा. दांडीवर विसावलेल्या हाताचे ओझे आतल्या फोर्कवर पडत राहते आणि तो अकारण झिजतो. हात कोठे ठेवावा हे लहानपणी शाळेत शिकवतात, मोटार शिकवणारे शिकवत नाहीत.

चिखल संपून डांबरी सडक लागली की पुढची चाके ताबडतोब सोडवावीत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ काढतात, आणि ज्या गाड्यांत मधले डिफरन्शिअल नसते त्यांत हा फरक जिरवण्याची सोय नसल्यामुळे कोरड्या सडकेवर सारा ताण शाफ्ट आणि दात यांत साठत जातो; चाक जड लागते, गाडी वळणावर ब्रेक लावल्यासारखी अडते. चिखलात हा ताण चाके घसरून आपोआप निघून जातो, सडकेवर निघत नाही. अशा वेळी छोटी दांडी कितीही ओढली तरी सुटत नसेल तर गाडी सरळ रेषेत चार-सहा फूट मागे घ्यावी. ताण उलगडतो आणि दांडी विनातक्रार सुटते. आणि त्या दिवशी एखाद्या फरशी पुलावर पाणी ॲक्सलच्या वर आले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डिफरन्शिअलचे तेल पाहून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि ते त्याच दिवशी बदलावयास हवे.